आत कोण आहे ते कळल्याशिवाय भोक बुजवू नका

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलुंड कॉलनीत डोंगराच्या अंगाला तुमची चार मजली जुनी इमारत, त्यात तुमचं घर सगळ्यात वरचं. महिन्याभरापासून रात्री दहानंतर फॉल्स सीलिंगवर कोणीतरी चालतं आणि एका कोपऱ्यात वास येतो. माकडं दोनदा स्वयंपाकघरात शिरली. वॉचमनला मीटर रूममध्ये साप दिसला. आता कमिटीने ठरवलंय की पाऊस सुरू व्हायच्या आत, म्हणजे येत्या रविवारीच, गवंडी बोलावून सगळी भोकं सिमेंटने बुजवायची आणि डक्टमध्ये, गच्चीवर उंदराचं औषध टाकायचं. हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

रविवारचं काम थांबवा. कायमचं नाही, दोन आठवडे. भोकं बुजवायचीच आहेत, पण ती शेवटी. सेक्रेटरींना पटत नसेल तर माझ्या हातून घडलेली एक गोष्ट त्यांना सांगा.

मी हे काम बावीस वर्षं करतोय. आधी नुसते साप पकडून वनखात्याच्या ताब्यात द्यायचो. मग लक्षात आलं की त्याच त्या इमारतीत दर पावसाळ्यात बोलावणं येतंय, म्हणून जाळ्या मारणं, फटी बंद करणं सुरू केलं. सुरुवातीच्या काळात बोरिवली पूर्वेला एका बंगलीच्या पोटमाळ्यात उदमांजर येत होतं. मी दुपारी गेलो, वाशाजवळचं भोक शोधलं, आत टॉर्च मारला, काही दिसलं नाही. भोकावर पत्रा ठोकून निघून आलो. त्या रात्री मादी बाहेरून पत्रा ओरबाडत होती. घरच्यांना वाटलं, पुन्हा शिरायला बघतंय. तिसऱ्या दिवशी वास सुटला तेव्हा मी जाऊन माळा उघडला. जुन्या गादीमागे तीन पिल्लं होती, त्यातली दोन मेलेली. टॉर्च मारून चार मिनिटांत निघायच्या ऐवजी मी संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर ती वाचली असती. तेव्हापासून आत कोण राहतं, आणि त्याची पिल्लं आहेत का, हे कळल्याशिवाय मी एकही भोक बंद केलेलं नाही.

तर आधी तुमच्या सीलिंगवर कोण आहे ते बघू. आवाजावरून बराच अंदाज येतो. उंदीर असेल तर बारीक खरखर, कुरतडल्याचा आवाज आणि छोटी छोटी धाव, तीही रात्रभर मधूनमधून. कबुतरं असतील तर उजाडल्यावर गडबड, रात्री शांतता. वटवाघळं असतील तर तिन्हीसांजेला चिकचिकाट आणि मग सामसूम. तुम्ही लिहिलंय की मांजर चालल्यासारखं जड पाऊल, एकदम धप्पकन उडी, मग पहाटेपर्यंत काही नाही आणि पहाटे पुन्हा धप्प. हे बहुतेक उदमांजर आहे. कोकणात त्याला कांडेचोर म्हणतात. ते अंधार पडल्यावर खायला बाहेर पडतं आणि उजाडायच्या आत परततं. मुंबईत ते फक्त संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असतं असं समजू नका, दाट वस्तीतल्या जुन्या बंगल्यांच्या कौलांतही ते राहतं. तुमच्या आवारात भेरली माड आहे का? झालरीसारखी पानं आणि घोसांनी लटकणारी बारीक फळं असलेलं ते झाड सोसायट्यांच्या बागेत शोभेसाठी लावतात. उदमांजराला ती फळं फार आवडतात. तसाच चिकू, जांभूळ, पिकलेला आंबा.

तरी अंदाजावर काम करायचं नाही. सीलिंगवर जायची वाट जिथे वाटते तिथे, म्हणजे डक्टच्या बाजूचं भोक, एसीच्या पाइपाचं छिद्र किंवा गच्चीच्या खालची पोकळी, संध्याकाळी वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबून ठेवा. सकाळी तो ढकललेला दिसला तर वाट चालू आहे. तीन रात्री जागेवर राहिला तर तिथून कोणी येत-जात नाही. मग चालू वाटेच्या तोंडाशी रांगोळी पातळ पसरा. उंदराच्या पावलांच्या मध्ये बऱ्याचदा शेपटी ओढल्याची रेघ दिसते. मांजराच्या ठशात चार बोटं उमटतात, उदमांजराच्या प्रत्येक पायाला पाच बोटं असतात. आणि विष्ठा बघा. उदमांजर ठरावीक जागीच करतं आणि तिच्यात अख्ख्या बिया असतात. तुमच्या कोपऱ्यातला वास त्याचाच असावा.

उदमांजर निघालं तर घाबरू नका, ते अंगावर येत नाही. त्याला घालवायचा उपाय सोपा आहे, वेळखाऊ आहे इतकंच. आधी दोन-तीन संध्याकाळी गच्चीतून लक्ष ठेवा. मोठं जनावर बाहेर गेल्यावर आत बारीक कुंईकुंई ऐकू येते का? येत असेल तर काही आठवडे काहीही करायचं नाही. पिल्लं आईमागून चालायला लागली की तीच त्यांना घेऊन बाहेर पडते. घाई असेल तर वनखात्याला विचारा, स्वतः पिल्लं उचलू नका. पिल्लं नसतील तर सीलिंगच्या आत दोन-तीन दिवस एक एलईडी दिवा चालू ठेवा, दिवसा जवळ रेडिओ लावा. अंधार आणि शांतता गेली की त्याला ती जागा नकोशी होते. मग भोकावर वरून बिजागरी लावलेली, फक्त बाहेर उघडणारी जाळीची झडप बसवा. बाहेर जाताना ती ढकलली जाते, परत येताना उघडत नाही. चार-पाच रात्री आत आवाज नाही, आतली रांगोळी जशीच्या तशी, हे बघून झडप काढा आणि त्याच दिवशी जाडी वेल्डेड जाळी स्क्रूने मारा. पिंजरा लावून पकडायच्या भानगडीत पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आणि परवानगीशिवाय हा प्राणी पकडणं, पाळणं, दुसरीकडे नेऊन सोडणं हे सगळं त्यात गुन्हा आहे. शिवाय एक पकडून नेलं आणि वाट तशीच राहिली तर त्या जागी दुसरं येतं.

आता उंदरांकडे वळतो, कारण तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी सापाची तक्रार खरं म्हणजे उंदरांची आहे.

मुंबईच्या इमारतीत तीन गिऱ्हाइकं असतात आणि लोक तिघांना उंदीरच म्हणतात. पाइपावरून, केबलवरून सरसर चढणारा काळा उंदीर वरच्या मजल्यावर जातो. घूस खाली राहते, गटाराच्या कडेला, पायाशी, फरशीखाली बीळ खणते, आणि तिच्यामुळे आवारातली लादी खचते. तिसरी चिचुंद्री. ती भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत जाते, झुरळं खाते, आणि ती उंदराच्या कुळातली नाहीच. तिला मारायची गरज नसते, दाराखालची फट बंद केली की पुरतं.

फटीचं माप लक्षात ठेवा. 6 मिलिमीटरपेक्षा जरा मोठ्या फटीतूनही घरातला लहान उंदीर शिरतो, म्हणजे तुमची साधी पेन्सिल जिथे जाते तिथून तो जातो. मोठ्या उंदराच्या पिल्लाला 12 मिलिमीटर पुरतात. म्हणून जाळी 6 मिलिमीटरच्या चौकोनाची, गॅल्वनाइज्ड किंवा स्टीलची वेल्डेडच हवी. मच्छरजाळी उंदरासाठी नाही. प्लास्टिकची तर एका रात्रीत कुरतडतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. पिवळा फुगणारा फोम मारून जाणारे कारागीर हल्ली फार झालेत. नुसत्या फोमला उंदीर आठवड्यात बोगदा पाडतो. पाइपाभोवतीच्या फटीत आधी तारेचा काथ्या, म्हणजे भांडी घासायची स्टीलची घासणी, घट्ट ठासा आणि वरून सिमेंट लावा. बारीक जागी एम-सील चालतं.

कुठे बघायचं? प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या सिंकखाली, जिथे सांडपाण्याचा पाइप भिंतीत जातो तिथे. प्लंबर भोक मोठं पाडतो आणि तसंच सोडतो, वर्षानुवर्षं कपाटाआड ते कोणाला दिसत नाही. मग एसीच्या तांब्याच्या नळीचं छिद्र. मग चिमणीचा बाहेरचा पाइप, त्याला झडपेचं तोंड असतं ते तुटलेलं असतं. बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपची जाळी सैल असते, ती स्क्रूची बसवा. जे बाथरूम वापरात नाही तिथे आठवड्यातून एकदा दोन तांबे पाणी ओता, नाहीतर ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटाराची वाट थेट घरात उघडते. पावसाळ्यात बाथरूममध्ये गांडुळासारखा काळपट, चकचकीत, वळवळणारा जीव दिसतो ना, तो वाळा नावाचा बिनविषारी साप, तोही बऱ्याचदा याच वाटेने येतो. डक्टमधल्या उभ्या पाइपांवर तळमजल्याच्या वर दीड-दोन फूट रुंदीची गुळगुळीत पत्र्याची पट्टी गुंडाळून घ्या, तिच्यावर उंदराचे पाय टिकत नाहीत. पट्टी आणि भिंत यांच्यात जागा राहिली तर तो भिंतीला पाठ लावून चढतो, तेवढी जागा भरा.

आणि काय बुजवायचं नाही, हे रविवारच्या गवंड्याला लिहून द्या. गच्चीवरचं पावसाचं पाणी जाणारं तोंड बुजवलं तर जुलैत तुमच्याच घरात गळती. तिथे जाळी हवी, तीही पानं अडकून तुंबणार नाही अशी घुमटाकार. सांडपाण्याचा व्हेंट पाइप बुजवायचा नाही. गॅस गीझर असलेल्या बाथरूमची झडपांची खिडकी आणि पाइप गॅसच्या स्वयंपाकघरातलं हवेचं भोक तर कधीच नाही. हवा कोंडली की गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं मेलेली आहेत. तिथे 6 मिलिमीटरची जाळी मारा, हवा खेळू द्या. पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला मात्र बारीक जाळी हवीच. टाकी डासांपासून बंदिस्त ठेवणं पालिका तसंही सक्तीचं करते.

औषधाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डक्टमध्ये आणि गच्चीवर विष टाकू नका. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो दोन-चार दिवस सुस्तावून फिरतो आणि अशा वेळी त्याला मांजर, घुबड, साप सहज धरतात. तुमच्या भागात गव्हाणी घुबडं आहेत, जुन्या इमारतींच्या सज्ज्यात ती घरटी करतात, आणि रात्री उंदीर मारायचं काम फुकटात करतात. विषाने आधी तीच जातात. दुसरं म्हणजे मेलेला उंदीर सीलिंगमध्ये किंवा बंद डक्टमध्ये कुजतो आणि दोन आठवडे त्या घरात जेवण जात नाही. चिकट पाट्या तर मी कोणाला वापरू देत नाही. त्यांना खार चिकटते, पाल चिकटते, साप चिकटतो, आणि त्याला तेल लावून सोडवताना आम्हाला जो त्रास होतो तो सांगण्यासारखा नाही. पिंजरे लावा, रोज सकाळी तपासा. घुशींची बिळं आवारात असतील तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात कीटकनाशक खात्याकडे तक्रार द्या, बिळांचं काम त्यांची माणसं करतात. उंदराच्या लघवीची जागा झाडताना हातमोजे घाला, आधी जंतुनाशक शिंपडा, कोरडं झाडू नका. पाऊस सुरू झाल्यावर पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने, म्हणजे उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात पसरणाऱ्या तापाने, किती घरं हवालदिल झाली हे ज्यांनी पाहिलंय ते विसरलेले नाहीत.

आता साप. वॉचमनने सांगितलेलं वर्णन तुम्ही दिलंय: काळसर, अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढा जाड. हा कवड्या असू शकतो, तो बिनविषारी, पाली खाणारा, भिंतीवरही चढणारा. किंवा मण्यार असू शकतो, आणि त्याचा दंश जीवघेणा. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिकट होत जातात. मण्यारचे पट्टे बहुधा जोडीने असतात, डोक्याकडे पुसट आणि मागे ठळक. पण हे मी ओळखायला सांगतोय ते जवळ जाऊन खात्री करायला नाही. लांबून, टॉर्चच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाला हा फरक दिसत नाही, मलाही कधी कधी दुसऱ्यांदा बघावं लागतं. तुमच्या मीटर रूममध्ये मण्यार आहे असं धरूनच वागा.

मण्यार रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, दात बारीक असल्यामुळे चावल्याचं कळत नाही, आणि सकाळी पापण्या जड होतात, बोलता येत नाही. म्हणून सगळ्यात आधीचं काम वॉचमनचं. तो जिन्याखाली सतरंजीवर झोपतो असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्याला आज खाट आणि मच्छरदाणी द्या, मच्छरदाणी गादीखाली खोचायला सांगा, चांगला टॉर्च द्या. हजार-दोन हजारांचा खर्च आहे. गवंड्याच्या आधी तो करा.

मग मीटर रूम. साप तिथे वायर बघायला आला नाही, उंदीर, पाल किंवा बेडूक होता म्हणून आला. दाराखाली रबरी पट्टी लावा, फट 6 मिलिमीटरच्या आत आणा. केबल जिथून जमिनीतून वर येते तो चर वीज कंपनीच्या माणसासमोरच भरून घ्या, स्वतः हात घालू नका. जिन्याखालचं भंगार, उरलेल्या लाद्या, तुटक्या कुंड्या, वाळूची पोती हे सगळं हलवा, तेही दिवसा, बूट घालून, काठीने उलथून. पावसाच्या तोंडावर घोणशीची पिल्लं बाहेर पडतात, एका वेळी वीस-तीस, आणि ती पहिल्या दिवसापासून विषारी असतात. जिन्यात ठेवलेल्या चपला-बूट झटकूनच घालायची सवय मुलांना आत्ताच लावा.

फिनेल, डांबरगोळ्या, गंधक, कार्बोलिक ॲसिड, लसूण, सर्पगंधाचं रोप, प्लगमध्ये लावायचं आवाजाचं यंत्र: यातल्या कशानेही साप थांबत नाही. मी फिनेल मारलेल्या मोरीतून नाग काढलाय. कार्बोलिक ॲसिडने तर माणसाची कातडी भाजते, आणि सापाच्या अंगावर पडलं तर तो तडफडत भलतीकडे शिरतो. त्यावर जाणारे पैसे दारांच्या पट्ट्यांवर घाला.

साप दिसलाच तर एका माणसाने आठ-दहा फुटांवरून त्याच्यावर नजर ठेवायची, बाकीच्यांनी मुलं आणि कुत्री-मांजरं दुसरीकडे न्यायची, त्या खोलीच्या दाराखाली टॉवेल दाबायचा आणि वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन लावायचा. सर्पमित्र येईल त्याला वनखात्याचं ओळखपत्र विचारायला लाजू नका. जो साप गळ्यात घालून फोटो काढू देतो, त्याला पुन्हा बोलावू नका. आणि दंश झालाच तर करकचून दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं, मंत्र, यातलं काही नाही. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, अंगठी-बांगडी काढायची, 108 ला फोन करायचा आणि थेट पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात. सापाला मारून बरोबर न्यायची गरज नसते. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकत्रच असते.

माकडांचा विषय नाजूक आहे, कारण दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा दर शनिवारी त्यांना केळी देतात असं तुम्ही लिहिलंय. आजोबांशी भांडू नका. त्यांच्या मनात मारुती आहे, त्याचा अपमान करून काही साधणार नाही. मी अशा वेळी असं सांगतो: आजोबा, तुम्ही दिलेली केळी खाऊन हीच माकडं वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंच्या हातातली पिशवी ओढतात. उद्या त्यांनी एखाद्या पोराला ओरबाडलं की लोक पकडणाऱ्याला बोलावतील आणि त्यांचं कुटुंब फुटेल. बहुतेक म्हातारी माणसं ऐकतात. केळी देवळात ठेवा, गोरगरिबाला द्या. मुलुंडच्या बाजूला टोपीसारखे केस असलेली आणि उत्तरेकडची, अशी दोन्ही लालतोंडी माकडं आहेत, वानरही आहेत. उद्यानाचं जंगल 104 चौरस किलोमीटरचं आहे, तिथे त्यांना खायला पुष्कळ आहे. पण एका स्वयंपाकघरात पाच मिनिटांत दिवसाचं पोट भरतं हे माकडाच्या टोळीला एकदा कळलं की ती ते विसरत नाही, आणि पुढच्या पिढीला शिकवते.

कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी माकडं दातांनी फाडतात. तुम्हाला खिडकीच्या ग्रिलवर एक इंची चौकोनाची लोखंडी वेल्डेड जाळी लागेल. नेहमीच्या ग्रिलच्या चार इंची फटीतून पिल्लू आत जातं आणि आतून वस्तू देतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सरकत्या खिडक्या ती सहज सरकवतात, खाली स्टॉपर बसवा. पण ग्रिल पूर्ण बंद करू नका. प्रत्येक घरात एक तरी पल्ला आतून कडीने उघडणारा ठेवा. आग लागली तर बाहेर पडायला तीच वाट असते, आणि मुंबईत बंद ग्रिलच्या मागे अडकून माणसं गेलेली आहेत. फळांची परडी ओट्यावरून हलवून कपाटात ठेवा, हा त्याहून स्वस्त उपाय. माकड आत आलंच तर त्याच्या नजरेला नजर भिडवू नका, दात दिसतील असं हसू नका, हातातलं अन्न परत ओढू नका. त्याच्या बाहेर जायच्या वाटेतून बाजूला व्हा आणि लांबून काठी जमिनीवर आपटा. चावा किंवा ओरखडा आला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. फटाके फोडू नका, पोटाशी पिल्लू असलेली मादी त्याने उलट अंगावर येते.

गच्चीवर आलेल्या फांद्या छाटल्या तर उंदीर आणि उदमांजर दोघांचा रस्ता तुटतो. छतापासून सहा-आठ फूट अंतर राहू द्या. माकड त्याहून लांब उडी मारतं, त्याच्यासाठी हा उपाय नाही. मात्र कुऱ्हाड स्वतः चालवू नका. झाडांसाठी राज्यात 1975 चा कायदा आहे, वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. अर्ज आत्ता द्या, पावसाआधी तिथे गर्दी असते. आणि घरट्याची फांदी असेल तर ती राहू द्या.

बिबट्याबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिलीय, की तो आत येईल का. घरात शिरायला तो येत नाही, तो कुत्र्यांमागे येतो. आठ फुटांची भिंत त्याला काहीच नाही, त्यामुळे भिंतीवर काचा लावण्यात पैसे घालू नका. कचऱ्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांवर बिबट्या येतो, हा साखळीचा भाग तुमच्या हातात आहे. ओला कचरा रात्री उघड्यावर ठेवायचा बंद करा, झाकणाचा डबा वापरा, भटक्या कुत्र्यांना खायला घालायचं असेल तर दिवसा, उजेडात, गेटपासून दूर. अंधार पडल्यावर मुलांना एकटं खेळू देऊ नका, मागच्या बाजूला दिवा लावा. बिबट्या दिसला की पकडून न्या, असा अर्ज करायची घाई करू नका. 2000 नंतरच्या काही वर्षांत जुन्नरकडचे बिबटे पकडून दुसरीकडे सोडले तेव्हा जिथे सोडले तिथेच माणसांवरचे हल्ले वाढले, हे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात पुढे आलं आणि 2011 मध्ये केंद्राने त्यावर मार्गदर्शक सूचनाही काढल्या. बिबट्या एखाद्या जिन्यात अडकलाच तर दरवाजे लावून घरात बसा आणि 1926 लाच फोन करा. खाली जमणारी आणि व्हिडिओ काढणारी गर्दीच त्याला माणसांवर ढकलते.

एवढ्यातून तुमच्या कमिटीला दोन आठवड्यांचा क्रम लागतो. आज वॉचमनची खाट. उद्यापासून कचऱ्याचा डबा आणि जिन्याखालचं भंगार. या आठवड्यात प्रत्येक घरातल्या सिंकखालची फट, कारण चौदा घरांपैकी दोघांनी जरी ती उघडी ठेवली तर बाकी बारा घरांचा खर्च वाया जातो. डक्ट सगळ्यांची असते, म्हणून पैसे सोसायटीच्या खात्यातून काढा. पुढच्या आठवड्यात मीटर रूम, पंप रूम, पाइपांच्या पट्ट्या, माकडांसाठी जाळ्या. तुमच्या सीलिंगचं आणि गच्चीखालच्या पोकळीचं भोक सगळ्यांच्या शेवटी. मध्येच पाऊस पडला तरी घाई नको. सिमेंट ओलं राहील ते परवडतं, त्या वेळी जाळीवर प्लास्टिक बांधून काम पुढे ढकला.

आज संध्याकाळी सातच्या आत बोळा कोंबा आणि रांगोळी पसरा. सकाळी ठसे उमटले असतील तर पुसायच्या आधी शेजारी काडेपेटी ठेवून वरून सरळ फोटो काढा, म्हणजे पावलाचं माप कळेल. तो फोटो मला दाखवा. पाच बोटं दिसली तर पिल्लांचा आवाज ऐकायला त्याच संध्याकाळी गच्चीत बसा, आणि तोपर्यंत गवंड्याला गच्चीवर चढू देऊ नका.